तीन गावांचे एक विरंगुळा केंद्र : नियोजनाचा एक विचार

(द्वितीय वर्ष बी. ए., अर्थशास्त्र)

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या प्राथमिक गरजा होत, असे आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. त्यांच्यामागून शिक्षण आणि आरोग्य येतात. खेळ, व्यायाम, वाचन, चार माणसांत बसून घालवलेली संध्याकाळ यांना मात्र या यादीत कोठेच जागा मिळत नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने क्लबात जावे आणि ज्याच्याजवळ नाही त्याने पारावर बसावे, अशी आपली एक समजूत झालेली आहे. ही समजूत बरोबर नाही, आणि लहान गावांनी शेजारच्या गावांशी हातमिळवणी केली तर ती खोटी ठरवता येईल, असे मला वाटते. ते कसे करता येईल याचा विचार प्रस्तुत लेखात माझ्या अल्प अभ्यासानुसार केला आहे.

हा विषय मी का निवडला ते आधी सांगते. आमचे गाव नदीकाठचे. गावाला नगरपरिषद आहे. पूल ओलांडला की दुसरे गाव लागते. त्यालाही स्वतःची नगरपरिषद आहे. तेथून पाच किलोमीटरवर तिसरे गाव, ते ग्रामपंचायतीचे. गावांची नावे मी मुद्दामच देत नाही, कारण अशी जोडगावे आपल्या राज्यात पुष्कळ आहेत आणि त्यांची कहाणी फारशी निराळी नाही. तिन्ही गावांचा आठवडा बाजार एक, सोयरिकी आपसांतल्या, एका गावची माणसे दुसऱ्या गावच्या मागावर कामाला. फक्त कारभार तीन ठिकाणी.

आमच्या नगरपरिषदेने काही वर्षांपूर्वी पोहण्याचा तलाव बांधला. तो एकच उन्हाळा चालला. पुढे गाळणयंत्र बिघडले, विजेचे बिल थकले, तळाची फरशी तडकली. आता पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचते एवढेच. पलीकडच्या गावाने मोठे बंदिस्त सभागृह बांधले. ते एरवी कुलूपबंद असते. उघडते ते लग्नासाठी किंवा निवडणुकीच्या कामासाठी. तिसऱ्या गावाने काहीच बांधलेले नाही. त्याच्याजवळ चार एकर मोकळे गायरान आहे. म्हणजे तीन गावांजवळ मिळून तलाव आहे, सभागृह आहे आणि मैदानही आहे. तरी खेळायला जागा कोणालाच नाही.

मी आठवीपर्यंत खो-खो खेळत असे. शाळेच्या मैदानावर नव्या खोल्या बांधाव्या लागल्या. त्याही हव्याच होत्या. त्यानंतर आमचा संघ मोडला. मुलांनी नदीकाठची पुळण धरली. आम्हा मुलींना तेथे जाऊ देत नसत. मी दहावीत असताना माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मे महिन्यातल्या एका दुपारी मित्रांबरोबर डोहावर गेला, तो परत आला नाही. त्याला पोहायला कोणी शिकवलेच नव्हते. तो कोरडा तलाव आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

यात कोणा एकाला दोष देऊन भागत नाही. प्रत्येक गावाने आपापल्या परीने काही केले किंवा जपले. पण बांधलेले चालवण्याची ऐपत एकेकट्या गावात नव्हती. तिघांची मिळून ती होईल काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

एकत्र का यावे?

मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले की दर नगामागे खर्च कमी येतो, हे तत्त्व आपण वर्गात शिकतो. विरंगुळा केंद्राला ते चांगलेच लागू पडते. तलावात पन्नास मुले पोहोत की पाचशे, जीवरक्षक लागतोच, गाळणयंत्र चालवणारा लागतोच, रखवालदार लागतोच. हा स्थिर खर्च एका गावाच्या घरपट्टीवर पडला तर जड होतो. तीन गावांत वाटला तर हलका होतो.

दुसरे कारण बाह्य लाभाचे. एका गावाने बाग केली तर तेथे बसायला शेजारच्या गावचे लोकही येतात. येऊ नका असे म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. पण खर्च मात्र एकट्या गावाने करायचा. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ वॉलेस ओट्स यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, सार्वजनिक सेवेचा लाभ जेवढ्या प्रदेशात पोहोचतो तेवढ्याच प्रदेशाच्या संस्थेने ती सेवा पुरवणे इष्ट असते. आमच्या तलावाचा लाभ तीन गावांत पोहोचणार असेल, तर त्याचा कारभारही तीन गावांचा असावा, असा याचा सरळ अर्थ निघतो.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सामायिक विहीर शेतकऱ्याच्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चार भावांच्या चार वाटण्या झाल्या तरी विहीर एक राहते. कोणाचा किती हिस्सा ते सातबाऱ्यावर लिहिलेले असते आणि पाण्याची पाळी ठरलेली असते. धुळे-नाशिककडील पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत तर शेतकरी एकत्र येऊन बंधाऱ्याचे पाणी वाटून घेत आले आणि पाणी सोडायला स्वतःचा पाटकरी नेमत आले. साखर कारखाना एका गावाला काढता येत नाही. पण विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने अनेक गावांच्या शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा केले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेकाठी कारखाना उभा राहिला.

खेळाच्या बाबतीतले उदाहरण कोल्हापूरचे. शाहू महाराजांनी बांधवलेले खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले. म्हणून पेठापेठांतल्या आणि खेड्यांतल्या तालमी काही बंद पडल्या नाहीत. रोजचा सराव आपल्या तालमीत आणि मोठी कुस्ती खासबागेत, अशी ती वाटणी होती. सामायिक केंद्राचे नियोजन करताना हेच धोरण ठेवावे असे मला वाटते. जे रोज आणि पायी चालत जाऊन करायचे ते गावातच असावे; जे एका गावाला पेलत नाही तेवढेच सामायिक करावे. वाचनालय, बालोद्यान, म्हाताऱ्या माणसांचा कट्टा या गोष्टी सामायिक केल्या तर त्यांचा उपयोगच संपेल. तलाव, बंदिस्त सभागृह आणि मोठे मैदान या गोष्टी मात्र सामायिक करण्यासारख्या आहेत.

परदेशांतील दोन उदाहरणे

फ्रान्समध्ये सुमारे पस्तीस हजार कम्यून, म्हणजे स्थानिक पालिका आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिकांची लोकसंख्या पाचशेच्या आत आहे. एवढ्या लहान पालिकांना स्वबळावर काही करता येणे कठीण. म्हणून तेथे २२ मार्च १८९० च्या कायद्याने एकाच कामापुरता अनेक पालिकांचा संघ स्थापन करण्याची मुभा दिली. गाव आपले अस्तित्व कायम ठेवते. पाणी, शाळा, तलाव अशा ठरावीक कामापुरते मात्र ते संघात सामील होते.

त्याच देशातली दुसरी हकिगत आपल्याला सावध करणारी आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये फ्रेंच जलतरणपटूंची कामगिरी निराशाजनक झाली आणि १९६९ च्या उन्हाळ्यात मुले बुडण्याच्या दुर्घटना घडल्या. तेव्हा तेथील सरकारने देशभर एक हजार तलाव बांधण्याची योजना आखली. स्वस्त पडावेत म्हणून ठरावीक नमुने निवडले. त्यांतला एक नमुना ‘सूर्यफूल’ या नावाचा होता. त्याचे घुमटाकार छप्पर उन्हाळ्यात उघडता येई. या नमुन्याचे १८३ तलाव उभे राहिले. लाखो मुले पोहायला शिकली, हे यश मोठेच आहे. परंतु पुढे छपरांची दुरुस्ती आणि पाणी तापवण्याचा खर्च स्थानिक संस्थांना झेपेना आणि त्यांतले पुष्कळ तलाव बंद पडले. तलाव बांधायला सरकार मदत करते. चालवायचा मात्र गावालाच असतो.

दुसरे उदाहरण कॅनडातील अल्बर्टा प्रांताचे. एडमंटन शहराच्या पश्चिमेस स्प्रूस ग्रोव्ह हे शहर, स्टोनी प्लेन हे गाव आणि त्यांच्याभोवतीची ग्रामीण पार्कलँड काउंटी या तीन शेजारी संस्था आहेत. आमच्याच तीन गावांसारखी ही रचना आहे. या तिघींनी मिळून एक संस्था स्थापन केली आणि तिच्यामार्फत स्प्रूस ग्रोव्ह येथे सामायिक क्रीडा व विरंगुळा केंद्र उभारले. ते २००२ साली सुरू झाले. तलाव, बर्फावरील खेळांची मैदाने, धावपट्टी अशा सोयी तेथे एका छपराखाली आहेत. पुढे त्या प्रांताने पालिकांच्या कायद्यात दुरुस्ती केली, ती २०१८ साली अमलात आली. कोणत्या सेवा एकत्र चालवणार आणि त्यांचा खर्च कसा वाटणार याचा लेखी आराखडा शेजारी पालिकांनी करावा, असे तिने ठरवले. पाणी, घनकचरा आणि आपत्कालीन सेवा यांच्या बरोबरीने मनोरंजनाचाही त्या सेवांत समावेश होता. विरंगुळ्याला पाण्याच्या आणि अग्निशमनाच्या पंक्तीला बसवलेले पाहून मला नवल वाटले.

काय हवे आणि किती?

नियोजनात मापाला फार महत्त्व आहे. केवळ ‘भव्य क्रीडा संकुल’ असे म्हणून काहीच कळत नाही. म्हणून काही मापे येथे देते.

कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. स्त्रियांचे १२ बाय ८. व्हॉलीबॉलचे १८ बाय ९, बॅडमिंटनचे १३.४ बाय ६.१, खो-खोचे २७ बाय १६ आणि बास्केटबॉलचे २८ बाय १५. बास्केटबॉलसाठी चारी बाजूंना दोन-दोन मीटर मोकळी जागा सोडली तर सभागृह आतून ३२ बाय १९ मीटर हवे. पलीकडच्या गावचे सभागृह आम्ही दोघी मैत्रिणींनी एका लग्नाच्या निमित्ताने पावलांनी मोजले. त्यात बास्केटबॉल मावत नाही. पण व्हॉलीबॉल, कबड्डी किंवा शेजारी शेजारी दोन बॅडमिंटन सहज मावतात. म्हणजे नवे सभागृह बांधण्याची आज तरी गरज नाही.

मैदानाचा हिशेब पाहू. ४०० मीटरची पूर्ण धावपट्टी करायची तर सुमारे १७७ बाय ९३ मीटर जागा लागते, म्हणजे जवळजवळ चार एकर. सगळे गायरान तिच्यातच जाईल. २०० मीटरच्या पट्टीवर सराव होऊ शकतो आणि बाकीची जागा मोकळी राहते.

तलावाचा हिशेब मात्र जपून करायला हवा. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा तलाव भरायला सुमारे ४ लाख ६९ हजार लिटर पाणी लागते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने हे साडेतीन हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. पाणी गाळून पुन्हा वापरतात, त्यामुळे ते रोज भरावे लागत नाही, हे खरे. तरीही उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी वाफ होऊन गेले असे धरले, तर रोज तीन हजार लिटरांहून अधिक भर घालावी लागेल. शिवाय गाळणयंत्र धुण्याचे पाणी वेगळे.

हा हिशेब मी घरी वाचून दाखवला तेव्हा माझे वडील म्हणाले, “आमच्या नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतंय. आधी त्याचं बघा म्हणावं, मग पोहायचं.” वडील मागावर काम करतात, ते शाळेत चौथीपर्यंत गेले. त्यांचा आक्षेप मला खोडता आला नाही आणि खोडूही नये. म्हणून तलाव सुरू करण्यापूर्वी दोन अटी असाव्यात असे मी सुचवते. पिण्याच्या योजनेतले पाणी त्याला घेऊ नये, विहिरीचे किंवा कूपनलिकेचे घ्यावे. आणि ज्या वर्षी टंचाई जाहीर होईल त्या वर्षी तलाव बंद राहील, असे करारातच लिहून ठेवावे.

कोठे असावे?

तिन्ही गावांच्या मध्यभागी एक मोठी इमारत बांधावी, असे नकाशा पाहून प्रथम सुचते. मलाही तसेच वाटले होते. पण गायरान ही पडीक जमीन नव्हे. माझी आत्या त्याच गावात दिली आहे आणि तिच्या शेळ्या त्याच गायरानावर चरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्याच्या निकालात गावाच्या सामायिक जमिनी राखण्याविषयी सर्व राज्यांना निर्देश दिले आहेत. सरकारच्या परवानगीशिवाय गायरान दुसऱ्या कामाला लावता येत नाही. परवानगी मिळाली तरी ज्यांची गुरे तेथे चरतात त्यांना आधी विचारले पाहिजे. कारण विरंगुळ्यासाठी कोणाची रोजी जाऊ नये.

म्हणून मी असे सुचवते की, पहिल्या टप्प्यात नवी इमारत बांधूच नये. तलाव आमच्या गावात, सभागृह पुलापलीकडे आणि मैदान तिसऱ्या गावात, असे तीन जागी विभागलेले पण एका समितीच्या ताब्यातले केंद्र करावे. गायरानाच्या एका कडेला एकरभर जागा सपाट करून खो-खो, कबड्डी आणि छोटी धावपट्टी आखावी; पक्के बांधकाम करू नये. यात एक तोटा आहे. रखवालदार तीन ठिकाणी लागतील. पण एक लाभही आहे. प्रत्येक गावाजवळ दुसऱ्याला हवे असलेले काहीतरी राहील, म्हणून कोणालाही करार सहजी मोडावासा वाटणार नाही.

अंतराचा विचार वेगळा करावा लागेल. लहान मुलाला पाच किलोमीटर चालायला तासाहून अधिक वेळ लागतो. तिसऱ्या गावाला जाणारी शेवटची एसटी संध्याकाळी साडेसहाला सुटते. पोहण्याचा वर्ग सहाला सुरू झाला तर त्या गावची मुले शुल्क भरूनही येऊ शकणार नाहीत. तेव्हा केंद्राचे वेळापत्रक एसटीच्या वेळापत्रकाला धरून करावे लागेल. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सोय खरोखर कोणाला मिळणार ते तिच्यावरच ठरते.

खर्च कोणी किती द्यावा?

सर्वांत अवघड प्रश्न हा आहे. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, सर्वांच्या फायद्याच्या कामात दुसऱ्याने खर्च करावा आणि आपण लाभ घ्यावा असे प्रत्येकाला वाटू शकते. त्यामुळे काम होतच नाही. अनेक गावांच्या मिळून ज्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आहेत त्यांतही हेच घडताना दिसते. दोन गावांनी पट्टी थकवली की वीज तुटते आणि भरणाऱ्या गावाचेही पाणी बंद होते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, तीन गावांची लोकसंख्या अनुक्रमे ३० हजार, २० हजार आणि १० हजार आहे, आणि वर्षाचा चालू खर्च १०० रुपये आहे. केवळ लोकसंख्येप्रमाणे वाटला तर वाटे ५०, ३३ आणि १७ रुपये होतील. आता नोंदवहीत असे दिसले की, येणाऱ्या शंभरांपैकी पहिल्या गावचे ६०, दुसऱ्याचे ३० आणि तिसऱ्याचे केवळ १० आहेत. तेव्हा तिसरे गाव म्हणेल की आमची मुले दहा, मग आम्ही सतरा रुपये का द्यावे? त्यांचे म्हणणे योग्य आहे. उलट केवळ वापराप्रमाणे वाटला तर वापर कमी दाखवण्याचा मोह होईल. म्हणून अर्धा खर्च लोकसंख्येप्रमाणे आणि अर्धा वापराप्रमाणे वाटावा. मग वाटे सुमारे ५५, ३२ आणि १३ रुपये होतात. दर तीन वर्षांनी नोंदवही पाहून ते पुन्हा ठरवावेत.

जमीन, तलाव आणि सभागृह हे ज्या त्या गावाच्या मालकीचे राहतील. पण त्यांचे वाजवी भाडे धरून ते त्या गावाच्या वाट्यातून वजा करावे. सभागृह लग्नाला देणे बंद करण्याचेही कारण नाही. लग्नसराईत ठरावीक दिवस भाड्याने द्यावे आणि ते भाडे दुरुस्ती निधीत जमा करावे. गाळणयंत्र, मोटर, छप्पर यांच्यासाठी दरवर्षी वेगळी रक्कम बाजूला ठेवली नाही, तर ‘सूर्यफूल’ तलावांचे जे झाले तेच आपलेही होईल.

शुल्काविषयी एवढेच म्हणते की, ते असावे पण अगदी थोडे असावे. आणि शाळकरी मुलांना पोहण्याचे पहिले शिक्षण फुकट मिळावे.

वेळ कोणाची?

पैशाची वाटणी झाली तरी वेळेची वाटणी राहतेच. सकाळी सहा ते रात्री नऊ असे सभागृह उघडे ठेवले तर आठवड्याचे १०५ तास मिळतात. पण सगळ्यांना हवे असतात ते संध्याकाळी पाच ते आठ हेच तास, म्हणजे आठवड्याचे केवळ एकवीस. त्यांची पाळी सामायिक विहिरीच्या पाण्यासारखी लिहून ठरवावी लागेल. लिहिलेली नसली की जो बळकट तो आधी पोहोचतो. आमच्या गावच्या व्यायामशाळेत स्त्रियांना बंदी नाही. तरी एकही स्त्री तेथे जात नाही, कारण तिची वेळ कोठेच लिहिलेली नाही. या एकवीस तासांपैकी निदान सात तास मुलींसाठी व स्त्रियांसाठी राखून ठेवावेत आणि त्या वेळी शिक्षिकाही स्त्रीच असावी. हे झाले नाही तर मुलींच्या घरचे त्यांना पाठवणार नाहीत, हे मी अनुभवाने सांगते.

कायद्याची वाट

१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. तिच्यातील अठरा विषयांत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच दुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली आणि पंचायती व नगरपालिका यांच्या समाईक हिताच्या बाबी लक्षात घेण्याचे काम तिच्यावर सोपवले. आपल्या राज्यातील १९६५ चा नगरपरिषद अधिनियम आणि १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम या दोहोंतही स्थानिक संस्थांना संयुक्त समिती नेमण्याची तरतूद आहे. म्हणजे वाट आहे. तिच्यावरून चालणारे हवेत.

गावेच एकत्र का करू नयेत, असेही कोणी विचारील. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची १९९८ साली एक महानगरपालिका झाली. पण तो मार्ग मोठ्या शहरांचा. एका तलावासाठी तीन गावांनी आपापला कारभार सोडण्याचे कारण नाही. भाऊ वेगळे राहूनही विहीर सामायिक ठेवतातच.

समितीचा करार मात्र माणसांवर अवलंबून नसावा. २०२२ पासून काही वर्षे राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांत निवडून आलेले सभागृह नव्हते, प्रशासक होते. नगराध्यक्ष बदलतात, मुख्याधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. म्हणून करार निदान वीस वर्षांचा असावा. वाटा कसा ठरेल, पाळी कशी लागेल, टंचाईत काय होईल, एखाद्या गावाला बाहेर पडायचे असल्यास किती आधी कळवावे आणि वाद झाल्यास कोणाकडे जावे, या पाच गोष्टी त्यात असाव्यात. तो तिन्ही गावांच्या सभांत वाचून दाखवावा, आणि तो मंजूर होण्यापूर्वी कोणतेही भूमिपूजन करू नये.

समारोप

वरील विवेचन प्राथमिक स्वरूपाचे आहे याची मला जाणीव आहे. खर्चाचे खरे आकडे मिळवायचे तर तिन्ही कार्यालयांची अंदाजपत्रके पाहिली पाहिजेत. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी हा विषय पुढील वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात घेण्याचे मान्य केले आहे. महाविद्यालयात तिन्ही गावांचे विद्यार्थी आहेत, तेव्हा नोंदवही ठेवण्याचे आणि वेळापत्रक आखण्याचे काम आपण सहज करू शकू.

सुरुवातीला एवढे झाले तरी पुरे आहे. तिन्ही संस्थांनी मिळून त्या तलावाची फरशी आणि गाळणयंत्र दुरुस्त करावे आणि एक उन्हाळा, तिन्ही गावांच्या मुलामुलींसाठी, पोहण्याचा सामायिक वर्ग चालवावा. कोण किती आले आणि खर्च किती झाला याची नोंद ठेवावी. तो उन्हाळा नीट पार पडला तर पुढच्या कराराला आधार मिळेल. आणि तो करार कधी झाला नाही असे धरले, तरी त्या वर्षी काही मुले पोहायला शिकतील. आमच्या घरच्या अनुभवावरून सांगते, तेवढेही थोडे नाही.